पदकाच्या दोन्ही बाजू छापाव्यात

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत युरोपातील जुन्या स्मृतिपदकांवर आलेला सचित्र लेख आवडीने वाचला. नाणी आणि पदके जमवण्याची हौस इंदूरच्या मराठी घरांत जुनी आहे, पण या विषयाला मराठी वृत्तपत्रात अर्धे पान मिळण्याचा योग क्वचितच येतो. त्याबद्दल आपले आणि लेखकाचे आभार. छायाचित्रे सुरेख आहेत आणि धातूंविषयीची माहितीही नेमकी आहे. माझा आक्षेप एकाच विधानाला आहे, परंतु सगळा लेख त्याच विधानावर उभा असल्यामुळे तो थोड्या विस्ताराने मांडण्याची परवानगी असावी. बायबलमधील प्रसंग आणि वचने कोरलेली ही पदके म्हणजे त्या काळच्या भाविकतेची साक्ष आहे, त्यांत राजकारण शोधू नये, असे लेखक म्हणतात. मला वाटते की त्यांपैकी बरीचशी पदके मुळात राजकारणासाठीच पाडली गेली. ती पाडणाऱ्यांना एखाद्या लढाईचे, कत्तलीचे किंवा हुकमाचे समर्थन करायचे होते, आणि वकिलाने आपल्या अशिलाचे म्हणणे परस्पर न्यायाधीशाच्या तोंडी घालावे तसे त्यांनी ते देवाच्या तोंडी घातले.

लेखातील पहिलेच चित्र पाहा. 1588 साली स्पेनच्या आरमाराची वाताहत झाली, त्या प्रसंगाचे हे पदक आहे. चित्राखाली ते इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीचे म्हणून दाखवले आहे. ही समजूत फार पसरलेली असली तरी पदक राणीने काढलेले नाही. ते नेदरलँड्समधील झीलंड प्रांतात, मिडेलबर्ग येथे पाडले गेले. हा तपशील क्षुल्लक नाही, कारण झीलंड त्या वेळी स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्याविरुद्ध बंड करून उठलेल्या प्रांतांपैकी होता, आणि शेजारच्या फ्लँडर्समध्ये तळ ठोकून बसलेल्या ज्या स्पॅनिश सैन्याला इंग्लंडात उतरवण्यासाठी हे आरमार निघाले होते, तेच सैन्य या प्रांतांच्याही उरावर बसले होते. पदकाच्या एका बाजूस उधळलेली जहाजे आहेत, वर ढगांत हिब्रू अक्षरांत देवाचे नाव आहे, आणि लॅटिन मजकुराचा अर्थ ‘यहोवाने फुंकर घातली आणि ते उधळले गेले’ असा आहे. इजिप्तचा राजा फारो याची सेना तांबड्या समुद्रात बुडाल्यावर इस्राएली लोकांचा नेता मोशे याने गायिलेल्या स्तोत्राची आठवण प्रत्येक वाचकाला व्हावी, अशीच ही रचना आहे. म्हणजे फिलिप हा फारो ठरला आणि झीलंडचे लोक इस्राएल ठरले. आपल्या लेखात न छापलेल्या दुसऱ्या बाजूवर लाटांच्या माऱ्यात खडकावर उभे असलेले चर्च आहे, आणि ‘माझ्यावर आघात होतात, पण मला इजा होत नाही’ असे त्याच्या तोंडी वाक्य आहे. दोन्ही बाजू एकत्र वाचल्या म्हणजे झीलंडच्या नेत्यांना आपल्या लोकांना काय सांगायचे होते ते कळते. एकच बाजू पाहिली तर नुसते वादळ दिसते.

आता या पदकावर काय नाही तेही पाहावे. कॅलेच्या किनाऱ्याजवळ आरमारावर सोडलेली पेटती जहाजे नाहीत, ग्रेव्हलिन्सच्या लढाईतला तोफांचा मारा नाही, आणि वादळांनी खरा विध्वंस केला तो लढाईनंतर, आरमार स्कॉटलंड आणि आयर्लंडला वळसा घालून परतत असताना, हेही नाही. विजयी जहाजांवरचे इंग्रज खलाशी बंदरांत परतल्यावर थकलेल्या पगाराची वाट पाहत साथीच्या रोगांनी मेले, त्यांना तर अशा पदकात जागाच नसते. स्पेनच्या पक्षालाही पवित्र वचनांची वाण नव्हती. लिस्बनमध्ये आशीर्वाद देऊन आरमाराला दिलेल्या निशाणावर ‘हे परमेश्वरा, ऊठ आणि आपला पक्ष चालव’ अशा अर्थाचे स्तोत्रसंहितेतील वचन होते. त्याच वर्षीच्या आणखी एका डच पदकावर पोप, राजे आणि धर्माधिकारी डोळे बांधून खिळ्यांवर पाय टेकून बसलेले आहेत आणि ‘पराणीवर लाथ मारणे कठीण’ हे नव्या करारातले वाक्य वर कोरलेले आहे. हे चित्र म्हणजे धातूत काढलेले व्यंगचित्र आहे. त्याला भक्तीचा आविष्कार म्हणणे अवघड आहे.

याहून कठोर उदाहरण 1572 चे आहे, आणि लेखात त्याचा उल्लेखही नाही याचे मला आश्चर्य वाटले. त्या वर्षी 24 ऑगस्टला, संत बार्थोलोम्यूच्या सणाच्या दिवशी, पॅरिसमध्ये ह्यूगनॉट म्हणजे फ्रेंच प्रॉटेस्टंट लोकांची कत्तल सुरू झाली. नव्हारचा राजा हेन्री या त्यांच्याच पंथीयाच्या लग्नासाठी त्यांचे पुढारी शहरात जमले होते. राजदरबारातून सुरुवात झाली आणि मग शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना मारले. पोप तेरावा ग्रेगरी याने रोममध्ये आभाराची प्रार्थना करवली, वसारी या चित्रकाराकडून व्हॅटिकनच्या दालनात त्या प्रसंगाची भित्तिचित्रे काढून घेतली आणि एक पदकही पाडून घेतले. त्याच्या एका बाजूस पोपचा मुखवटा आहे, तर दुसरीवर एका हातात क्रूस आणि दुसऱ्या हातात तलवार घेतलेला देवदूत पडलेल्या माणसांवर चालून जात आहे. मजकूर आडपडदा न ठेवता ‘ह्यूगनॉटांचा संहार’ असाच आहे. जुन्या करारातल्या संहारक देवदूताची कथा ज्याला ठाऊक आहे, त्याला मारेकरी कोण होते हा प्रश्न पडू नये अशी ही सोय आहे. मारणारा देवदूत असेल तर मग चौकशी कोणाची करायची?

आणि गंमत अशी की हाच देवदूत दोनच वर्षांत विरुद्ध पक्षाच्याही कामी आला. 3 ऑक्टोबर 1574 रोजी लायडन या डच शहराचा स्पॅनिश वेढा उठला. त्याच्या पदकावर ‘जसा सन्हेरीब यरुशलेमेहून, तसे स्पॅनिश लायडनहून रात्री पळाले’ अशा आशयाचा मजकूर आहे. यरुशलेमवर चालून आलेला अश्शूरचा राजा सन्हेरीब याची छावणी एका रात्रीत संपवणारा देवदूत बायबलमधील राजांच्या पुस्तकातला. लायडनला मात्र वेढा उठला तो बंधारे फोडून समुद्राचे पाणी आत घेतल्यामुळे, आणि ज्यांची शेते त्या पाण्याखाली गेली ते स्पॅनिश नव्हते.

ज्या पदकाकडे मला आपल्या वाचकांचे लक्ष विशेषत्वाने वेधायचे आहे, त्यात राजा नाही की लढाई नाही. 1690 च्या दशकात जर्मन प्रदेशांत पिके बुडाली आणि धान्य महागले. गोथा येथील ख्रिश्चन वेर्मुट या पदककाराने 1694 हे साल घातलेले एक पदक काढले. त्याच्या दर्शनी बाजूवर पाठीवर धान्याचे पोते घेऊन काठी टेकत चाललेला माणूस आहे, पोत्यावर सैतान बसला आहे आणि तो पोत्याचे तोंड सोडून धान्य सांडतो आहे. त्या माणसाला उद्देशून ‘धान्याचा यहुदी’ अशा अर्थाची शिवी आणि ‘महागाईचा काळ’ हे शब्द आहेत. मागील बाजूवर धान्याचे माप आहे आणि नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायातील सव्विसावे वचन आहे: जो धान्य अडवून ठेवतो त्याला लोक शाप देतात, जो ते विकतो त्याला आशीर्वाद मिळतो. या वचनात यहुद्यांचे नावही नाही. ते साठेबाजी करणाऱ्या कोणालाही लागू पडते, मग तो जमीनदार असो, मठ असो, गिरणीवाला असो की स्वतः संस्थानिक असो. शिवाय नीतिसूत्रे हा ग्रंथ यहुद्यांचाच. त्यांच्या पूर्वजांनी आपल्या व्यापाऱ्यांना नीती शिकवण्यासाठी जपलेले वाक्य उचलून ते त्यांच्याच वंशजांच्या कपाळी शिक्क्यासारखे मारले गेले. पदक दोन बाजूंचे असते या गोष्टीचा इतका हुशार आणि इतका दुष्ट उपयोग मला दुसरीकडे आढळलेला नाही. पुढच्या बाजूवर आरोप आहे आणि मागच्या बाजूवर शास्त्राधार. मधल्या जागेत पुरावा असायला हवा होता, पण तिथे केवळ धातूची जाडी आहे. असे पदक खिशात मावते, बाजारात, खानावळीत हातोहात फिरते, आणि पत्रकासारखे फाटत किंवा भिजत नाही. आज ते लिलावात चढ्या भावाने विकले जाते, आणि केवळ ‘धार्मिक वचन असलेले दुर्मीळ पदक’ म्हणून त्याची ओळख करून देणे म्हणजे वेर्मुटचेच काम पुढे चालवणे होय.

दुबळ्या बाजूनेही हे साधन वापरले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. 1688 साली इंग्लंडच्या दुसऱ्या जेम्स या कॅथलिक राजाने, आपल्या हुकमाला हरकत घेतली म्हणून प्रॉटेस्टंट चर्चच्या सात बिशपांवर खटला भरला आणि ते निर्दोष सुटले. त्या प्रसंगी निघालेल्या एका पदकावर एक जेझुइट, म्हणजे त्या नावाच्या कॅथलिक संघाचा धर्मगुरू, आणि एक मठवासी कुदळ-फावड्याने चर्चचा पाया खणत आहेत, आकाशातून आलेला हात ते चर्च सावरून धरतो आहे, आणि ‘नरकाची द्वारे त्याच्यावर प्रबळ होणार नाहीत’ हे मत्तयाच्या शुभवर्तमानातले वचन भोवती आहे. मागे सात बिशपांचे मुखवटे आहेत आणि ज्ञानाने आपले घर बांधून सात खांब घडवले, हे नीतिसूत्रांतले वाक्य आहे. सात या आकड्याचा हा मेळ मला मनापासून आवडतो. पण इथेही राजाच्या हुकमाविरुद्धचा घटनात्मक वाद बाजूला पडला आणि कॅथलिक माणूस म्हणजे नरकाचा मजूर एवढेच चित्र उरले.

अशा पदकाची धास्ती किती असे, याचा एक मासला सांगतो. 1668 मध्ये फ्रान्स आणि स्पेन यांच्यात तह झाल्यानंतर फ्रान्समध्ये अशी बोलवा उठली की डच मुत्सद्दी फान ब्यूनिंगेन याने स्वतःला यहोशवाच्या रूपात दाखवणारे पदक पाडून घेतले आहे आणि त्यावर ‘माझ्यासमोर सूर्य थांबला’ असा मजकूर आहे. यहोशवाने गिबोनवर सूर्य थांबवला, ही बायबलमधली कथा. आणि सूर्य हे तर फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचे स्वतःचे चिन्ह, म्हणजे डचांनी लुईला थांबवले अशी ती शेखी. लुईने 1672 मध्ये नेदरलँड्सवर स्वारी केली तिची खरी कारणे प्रदेश आणि व्यापार यांत होती, तरी या उर्मट पदकाची गोष्ट लोकांच्या तोंडी राहिली. पुढे फ्रेंच लेखक व्होल्तेअरने लिहून ठेवले की असे पदक मुळात अस्तित्वातच नव्हते. ज्या राजाने 1663 पासून पदकांवरचे मजकूर रचण्यासाठी विद्वानांची खास समिती पोसली, त्याच्या दरबाराला एका न पाडलेल्या पदकाचा राग यावा, यातच पदके कशासाठी असत याचे उत्तर आहे.

नेपोलियनच्या पदकाविषयी थोडे अधिक लिहावे लागेल, कारण पुरवणीच्या पुढील भागात नेपोलियनची पदके येणार असल्याचे आपण जाहीर केले आहे. नेपोलियनच्या पदकांचा कारभार पाहणाऱ्या देनों याच्या देखरेखीखाली, दपोली या कलाकाराच्या हातचे, सान्हेद्रीन या यहुद्यांच्या धर्मसभेच्या स्मरणार्थ निघालेले एक पदक आहे. त्यावर राजवस्त्रे ल्यालेला नेपोलियन ताठ उभा आहे, त्याच्यापुढे मोशेच्या रूपातील दाढीवाला वृद्ध गुडघे टेकून बसला आहे आणि दोघांच्या मध्ये नियमशास्त्राच्या पाट्या आहेत. निर्गमाच्या पुस्तकात मोशेला या पाट्या कोणाकडून मिळाल्या, हे ज्याला आठवते त्याला नेपोलियन कोणाच्या जागी उभा आहे हे सांगावे लागत नाही. खाली तारीख आहे 30 मे 1806. ही सभा भरल्याची तारीख नव्हे, कारण सान्हेद्रीन भरली ती 1807 च्या फेब्रुवारीत. 30 मे 1806 हा एका हुकमाचा दिवस आहे. त्या हुकमाने यहुदी प्रतिष्ठितांची सभा बोलावली हे खरे, परंतु त्याच हुकमाने पूर्वेकडील काही जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी यहुदी सावकारांना द्यायच्या कर्जांची वसुली एक वर्ष थांबवली. पुढे 17 मार्च 1808 च्या हुकमाने यहुद्यांच्या सावकारीवर आणि व्यापारावर दहा वर्षांसाठी खास निर्बंध घातले. यहुदी इतिहासात तो ‘कुप्रसिद्ध हुकूम’ म्हणूनच ओळखला जातो. त्याआधी 1791 मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीने यहुद्यांना समान नागरिकत्व दिले होते, आणि त्यासाठी मोशेला कोणापुढे गुडघे टेकायला लावले नव्हते. पदक पाहणाऱ्याला उपकारकर्ता दिसतो, हुकूम वाचणाऱ्याला हिशेब दिसतो.

हे सारे परके आहे, आपल्याला त्याचे काय, असे एखादा वाचक म्हणेल. 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने जे पदक काढले, त्यावर ब्रिटिश सिंह टिपूच्या वाघाला खाली पाडतो आहे आणि वरच्या निशाणावर अरबी लिपीत ‘असदुल्लाहिल गालिब’, म्हणजे ‘ईश्वराचा सिंह विजयी आहे’, हे शब्द आहेत. हेच शब्द टिपू स्वतःच्या शस्त्रांवर आणि निशाणांवर वाघाच्या मुखाच्या आकारात लिहवून घेत असे. शत्रूचे पवित्र वाक्य उचलून त्याच्यावरच उलटवण्याची ही रीत आणि वेर्मुटची रीत एकच आहे. फक्त ग्रंथ वेगळा. आपल्या माळव्याचा पराभवही कोणाच्या तरी छातीवर मिरवला गेला आहे. 21 डिसेंबर 1817 ची महिदपूरची लढाई, जिच्यानंतर होळकरांना मंदसोरचा तह करावा लागला आणि इंदूर राजधानी झाले, ती 1851 मध्ये दिलेल्या ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदकाच्या पट्टीवर नावानिशी आहे. त्या पदकावर बायबल नाही, तर रोमन धाटणीची विजयदेवता आहे. भारतीय शिपायांच्याही छातीवर लावायच्या पदकावर बायबलचे वचन नको, एवढा विचार कंपनीने केला असावा, असा माझा तर्क आहे.

येथे एक प्रश्न सरळ घेतला पाहिजे. होळकरांच्या नाण्यांवर देव नव्हता काय? होता. अहिल्याबाईंच्या काळातल्या मल्हारनगरच्या रुपयावर शिवलिंग आणि बेलपान आहे, आणि त्याच रुपयावर दिल्लीच्या शाह आलमचे नावही आहे. हेही राजकारणच आहे, आणि फार मुरलेले राजकारण आहे: सत्ता शंकराची, व्यवहार बादशहाच्या नावाचा, कारभार होळकरांचा. परंतु त्या बेलपानात कोणी फारो नाही, सन्हेरीब नाही, सैतान बसलेले पोते नाही. राज्य कोणाच्या नावाने चालते हे सांगणे वेगळे, आणि अमक्या माणसांचा नाश देवानेच ठरवला होता हे सांगणे वेगळे. लेखकाने जी भाविकता डच पदकांत पाहिली, ती मला इथे अधिक दिसते. शेजारच्या घरची वस्तू म्हणून माझा कल थोडा झुकत असेल, ते वाचकांनी ठरवावे.

ही प्रथा संपलेली नाही. 6 डिसेंबर 2017 रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी यरुशलेमला इस्राएलची राजधानी म्हणून मान्यता दिल्यानंतर, 2018 मध्ये इस्राएलमधील एका खाजगी धार्मिक संस्थेने बायबलमधल्या अर्ध्या शेकेल या नाण्याच्या धर्तीवर एक पदक-नाणे काढले. त्यावर डोनाल्ड ट्रम्प आणि इराणचा प्राचीन सम्राट कोरेश यांचे मुखवटे एकमेकांलगत आहेत. चलन म्हणून त्याला किंमत नव्हती. देणगी देणाऱ्याला ते मिळत असे. यशयाच्या पुस्तकात कोरेशाला परमेश्वराचा अभिषिक्त म्हटले आहे आणि एज्राच्या पुस्तकात त्याने यरुशलेमचे मंदिर पुन्हा बांधण्याची आज्ञा दिली आहे, त्यामुळे आजच्या एका वादग्रस्त निर्णयाला एका झटक्यात अडीच हजार वर्षांचा आधार मिळतो, आणि त्या शहरात राहणाऱ्या इतर लोकांचे काय म्हणणे आहे हे विचारण्याचे कारण उरत नाही. अधिक मौज पुढे आहे. बॅबिलोनमध्ये 1879 साली सापडलेला आणि आता ब्रिटिश म्युझियममध्ये असलेला कोरेशाचा मातीचा लेख वाचला, तर तिथे कोरेशाला बॅबिलोन जिंकायला निवडणारा देव म्हणजे त्या शहराचाच देव मार्दुक आहे. ज्या शहरात जावे तिथल्या देवाने आपल्याला निवडले असे जाहीर करणे, हे त्या सम्राटाला कोणत्याही पदककाराच्या आधी साधले होते.

आपल्या सराफ्यातही याच जातीचा, पण फार स्वस्तातला प्रकार मिळतो. एका बाजूस रामदरबार किंवा हनुमान आणि दुसऱ्या बाजूस ईस्ट इंडिया कंपनीचे नाव व 1818 सारखे साल असलेली ‘नाणी’ चमत्कारी म्हणून लोकांच्या गळ्यात मारली जातात. कंपनीने अशी नाणी कधी पाडली नाहीत. देवाचे चित्र आणि सरकारचे नाव एकाच धातूवर आले की माणूस प्रश्न विचारायचे थांबतो, हे ती विकणाऱ्यांनाही पक्के ठाऊक आहे. पुरवणीत याविषयी दोन ओळी आल्या तर काही वाचकांचे पैसे वाचतील.

आपल्याकडे विनंती एवढीच की पदकाचे चित्र छापताना दोन्ही बाजू छापाव्यात, आणि चित्राखाली धातू व वजन यांच्याबरोबर ते कोणी, कोणत्या प्रसंगी आणि कोणाविरुद्ध काढले हेही द्यावे. जागेची अडचण मला समजते. वजन गाळले तरी चालेल. पुढील भागात मोशेचे पदक घेणार असाल, तर 30 मे 1806 च्या हुकमातले कर्जवसुलीचे कलम त्याच चित्राखाली यावे, आणि आरमार-पदक मिडेलबर्गचे आहे ही दुरुस्तीही त्याच अंकात व्हावी.

आपला,
एक वाचक,
रामबाग, इंदूर